‘ययाति’ असा वाचतात का?

प्रिय ताई,

नाव छापू नका म्हणालात, म्हणून कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एक वाचक एवढंच सांगते. बाकीच्यांना कळावं म्हणून तुमची हकिकत थोडक्यात देते. दहावीनंतर शाळा सुटली, एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं. मुलं मार्गी लागली आणि आता ५४व्या वर्षी तुम्ही करवीर नगर वाचन मंदिरातून पुस्तकं आणून सपाटून वाचताय. पुस्तक संपलं की १०० पानी वहीत मनात आलेलं लिहून ठेवता. मध्यंतरी घरी सगळे जमले असताना ती वही तुमच्या वन्संच्या हाती लागली. वन्सं मराठीच्या निवृत्त प्राध्यापिका. त्यांनी सगळ्या जावांसमोर एक पान मोठ्यानं वाचलं आणि म्हणाल्या, ‘अगं, ययाति असा वाचतात का? हा अभिप्राय नव्हे, हा तुझा गहिवर झाला.’ तेव्हापासून वही कपाटात साड्यांखाली गेली. आणि आता पेठेतल्या महिला मंडळानं ‘नुकतीच वाचलेली पुस्तकं’ या विषयावर दहा मिनिटं बोलायला तुम्हालाच बोलावलंय. वन्सं म्हणतात, मी लिहून देते, तू नुसतं वाचून दाखव. तुमचा प्रश्न असा, की सरळ नाही म्हणू, त्यांचं वाचून दाखवू, की माझं मांडू?

तुमचंच मांडा ताई. तुम्ही पत्रात वहीतल्या ज्या नोंदी उतरवून पाठवल्यात त्या वाचूनच हे म्हणतेय, तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही.

‘ययाति’पासूनच सुरू करते, कारण घाव तिथं बसलाय. तुम्ही लिहिलंय, ‘सगळे राजाच्या हावेबद्दल बोलतात. मला सारखा पुरूच डोळ्यांपुढे येत होता. एवढं तरुण पोर बापाला तारुण्य द्यायला निघालं, त्याला घरात कुणी विचारलं का, बाळा, तुझं काय?’ वि. स. खांडेकरांची ही कादंबरी १९५९ची. तिला साहित्य अकादमी मिळाली, पुढं खांडेकरांना ज्ञानपीठ मिळालं, तेही मराठीतलं पहिलं. शिवाय खांडेकर कोल्हापुरात राहिलेले, म्हणजे आपल्या गावचे. अशा पुस्तकाबद्दल वेगळं काही वाटलं तर आपलंच चुकलं असं वाटतं, ते मी समजू शकते. पण जरा पुस्तक उघडून बघा. गोष्ट कोण कोण सांगतंय? ययाती सांगतो, देवयानी सांगते, शर्मिष्ठा सांगते. तिघंही ‘मी’ म्हणून बोलतात. पुरूच्या वाट्याला असं निवेदन नाही. ज्याचं सर्वस्व जातं त्याचं मन आपल्याला दुसऱ्यांच्या तोंडून कळतं. म्हणजे तुम्हाला जे खटकलं ते कादंबरीच्या बांधणीतच आहे. याला नुसता गहिवर म्हणत नाहीत, हे वाचन आहे.

आणि हे खटकणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. महाभारतात थोरले चार मुलगे बापाला नकार देतात आणि त्यांना शाप मिळतो. धाकटा पुरू हो म्हणतो, त्याला राज्य मिळतं. नाही म्हणणाऱ्याला शाप बसणार असेल तर त्या विचारण्याला काय अर्थ? गिरीश कर्नाडांनी विशीच्या सुरुवातीला याच कथेवर कन्नडमध्ये नाटक लिहिलं, ते १९६१ साली आलं. त्यात त्यांनी पुरूला बायको दिली, चित्रलेखा. एका रात्रीत म्हातारा झालेला नवरा तिच्यापुढं उभा राहतो तेव्हा ती या त्यागाचं कौतुक करत बसत नाही, माझं काय म्हणून विचारते आणि शेवटी जीव देते. त्या तरुण मुलानं जुनी कथा वाचताना नेमकं तुमच्यासारखंच विचारलं, की घरातल्या बाकीच्यांचं काय? तो प्रश्न त्यानं वहीतच ठेवला असता तर कन्नड रंगभूमीला हे नाटक मिळालं नसतं.

एक गोष्ट मात्र मला पटली नाही, तीही सांगते. देवयानीवर तुम्ही एकच ओळ लिहिलीय, ‘ही बाई वाईट.’ पुरूसाठी एवढं थांबलात, मग हिच्यासाठी का नाही? कचावर जीव लावला, त्यानं नाकारलं. राजाशी लग्न झालं, त्यानं तिच्याच दासीशी, शर्मिष्ठेशी, तिच्या पाठीमागं संसार थाटला. ती गर्विष्ठ आहे, आततायी आहे, सगळं कबूल. पण तिला स्वतःची बाजू मांडायला खांडेकरांनी पानंच्या पानं दिलीत. ती पुन्हा वाचा आणि मग तुमची ओळ तशीच ठेवावीशी वाटली तर ठेवा. वन्सं तुमच्या नोंदींवर रागावायच्याच होत्या तर या ओळीवर रागवायला हव्या होत्या.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राबद्दल तुम्ही लिहिलंय, की वाचताना मोठ्यानं हसू आलं आणि मग लाज वाटली, एवढं सोसलेल्या बाईचं पुस्तक वाचून मी हसते कशी? अहो, हसायलाच दिलंय त्यांनी! नवरा, नारायण वामन टिळक, १८९५ साली ख्रिस्ती झाला, लक्ष्मीबाई काही वर्षं त्याच्यापासून वेगळ्या राहिल्या, सगळा गोतावळा उलटसुलट बोलत होता. त्या दिवसांबद्दल लिहितानाही ही बाई स्वतःकडं आणि टिळकांकडं मिस्कील नजरेनंच बघते. वडिलांच्या सोवळ्याचं वर्णन आठवा, बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही, त्यापायी घरातल्या बायकांचे हाल. ते वाचून हसू येतं आणि हसता हसता घशात काहीतरी अडकतं. मराठीत असं लिहिणं फार थोड्यांना जमलंय. लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या बाईनं ते लिहिलं हे मंडळात आवर्जून सांगा. तुमच्यासमोर बसलेल्या बऱ्याच जणींना ते ऐकायला हवंय.

आता ‘झोंबी’, आनंद यादवांची स्वतःच्या आयुष्यावरची कादंबरी. तुमच्या पत्रातला खरा ऐवज इथं आहे आणि तुम्ही तो दोन ओळींत उरकलाय. तुम्ही लिहिलंय, ‘आई पोराला घेऊन दत्ताजीरावांकडं जाते, तिथं पुस्तक मिटलं. माझी आई का गेली नाही कुणाकडं?’ 

मला हा प्रसंग तुमच्यासोबत परत वाचायचाय. पोराला पाचवीतून काढून शेतात जुंपलंय. त्याला शिकायचंय, पण बापापुढं बोलायची छाती नाही. तो आईला गळ घालतो. मग मायलेकरं गावातल्या वजनदार माणसाकडं, दत्ताजीराव देसायांकडं जातात. दत्ताजीराव बापाला बोलावून झाडतात आणि पोराची शाळा सुरू होते, तीही अटींवर. सकाळी उठून मळ्याला पाणी पाजायचं, मग शाळा, सुटल्यावर ढोरं राखायची. पण जाताना आई काय विनवते ते बघा. आम्ही आलो होतो हे त्यांना सांगू नका, म्हणते. म्हणजे ही धाडसी बाईसुद्धा नवऱ्याला भिऊनच गेली होती. पोराच्या शाळेसाठी तिनं केलं ते चोरून केलं.

शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला १ रुपया दंड होता. पण प्राथमिकच्या पुढं शिकायचं तर असं कुणाच्या तरी दारात जाऊन उभं राहावं लागायचं. तुमचं माहेर यादवांच्याच कागल तालुक्यातलं, आणि तुमची तर मुलीची जात. तुमच्या आईला जाण्यासारखा कुणी दत्ताजीराव होता का? असला तर मुलीच्या अकरावीसाठी त्यानं तुमच्या वडिलांना झाडलं असतं का? मी त्यांची बाजू घेत नाही. तुमचं शिक्षण तुटलं, ते नुकसान खरं आहे आणि राग यावा असंच आहे. पण आई अजून आहेत, गावीच असतात, वाचता येत नाही, असं तुम्हीच लिहिलंय. मग पुढच्या वेळी माहेरी जाल तेव्हा ‘झोंबी’ पिशवीत टाका. दुपारी जेवणं आवरल्यावर तो प्रसंग त्यांना वाचून दाखवा. जाब विचारू नका, नुसतं वाचा. त्यातली भाषा त्यांच्या रोजच्या बोलण्यातली आहे, तुम्हाला काही समजावून सांगावं लागणार नाही. त्या काय बोलतील ते मी सांगू शकत नाही. कदाचित काहीच बोलणार नाहीत. पण हा प्रश्न वहीत जितका सडेल तितका त्रास देईल.

वन्संचं म्हणणं, की ‘झोंबी’वर बोलायचं तर ग्रामीण साहित्य, बोलीभाषा, दारिद्र्य यांवर बोल, स्वतःवर नको. त्यातला अर्धा भाग बरोबर आहे. कितीतरी भाषणांत पुस्तक दोन मिनिटांत मागं पडतं आणि पुढं नुसती बोलणाऱ्याची कहाणी उरते. वर्षानुवर्षं शिकवलेल्या बाईला त्याचा कंटाळा येणं साहजिक आहे. पण आनंद यादव स्वतः पुणे विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते, ग्रामीण साहित्य चळवळीतले बिनीचे माणूस होते. त्या प्राध्यापकानं लिहिलं काय, तर सौंदलगेकर मास्तरांमुळं कवितेचं वेड लागलेलं पोर ढोरं राखता राखता काटकीनं म्हशीच्या पाठीवर ओळी लिहितं. स्वतःचंच आयुष्य त्यांनी इतक्या बारकाईनं बघितलं, की आपल्याला ती म्हैस दिसते. तुम्हीही एवढंच करा. स्वतःबद्दल एक वाक्य बोललात की लगेच पुस्तकातली जागा दाखवा. ‘मला आईची आठवण आली’ म्हटलं की ‘आम्ही आलो होतो हे सांगू नका’ ही विनवणी आलीच पाहिजे. वहीतही यापुढं प्रत्येक नोंदीशेजारी पान क्रमांक लिहीत चला. कुणी ‘असं वाचतात का?’ म्हटलं तर ते पान उघडून पुढं करता येतं.

दहा मिनिटांत तिन्ही पुस्तकं मात्र कोंबू नका. सात मिनिटं ‘झोंबी’, उरलेल्या वेळात ‘ययाति’मधला पुरू. ‘स्मृतिचित्रे’चं नाव घ्या, लग्नानंतरच्या अक्षरओळखीचं ते एक वाक्य सांगा आणि सोडून द्या. आईचं सगळं चारचौघींत सांगायलाच हवं असं नाही. जेवढं बोलताना आवाज शाबूत राहील तेवढंच बोला.

राहिल्या वन्सं. त्यांनी वही मोठ्यानं वाचली ते चुकलंच. दुसऱ्याची वही न विचारता उघडायची नसते आणि त्यावर घरच्यांसमोर हसायचं तर मुळीच नसतं. हे त्यांना सांगा, पण सणावाराला नको, जावांसमोर नको आणि तुमच्या यजमानांना मध्ये घालूनही नको. एखाद्या दिवशी त्यांच्याकडं एकट्या जा. म्हणा, ‘वन्सं, तुम्ही वही वाचलीत त्याचं मला वाईट वाटलं. भाषण माझं मीच करणार आहे. पण देवयानीबद्दल मला नीट समजून घ्यायचंय, ते तुम्ही सांगा.’ लिहून द्यायला निघालेल्या बाईला शिकवायची हौस असते, ताई. ती हौस तुमच्या कामी येऊ दे. त्या फुगून बसल्या तर बसू देत, तुम्ही तुमचं सांगून मोकळ्या झालात. आणि समजा त्यांनी देवयानीवर तासभर ऐकवलं, तर घरी येऊन तेही वहीत लिहा, त्यांच्या नावानिशी.

वाचन मंदिरातलं ‘झोंबी’ परत करायची तारीख जवळ आली असेल तर आधी मुदत वाढवून घ्या. कार्यक्रमाच्या दिवशी पुस्तक तुमच्या हातात असायला हवं, दत्ताजीरावांच्या पानाला खूण घातलेलं. बोलणं झालं की मला कळवा, आणि आई काय म्हणाल्या तेही, सांगावंसं वाटलं तर.