रायव्हल म्हणजे पाटावरचा शेजारी

प्रश्न : 'हार्वर्ड आणि येलचं फुटबॉलमधलं हाडवैर' असं वाचलं. 'रायव्हलरी'ला हाडवैर म्हणावं का?

नाही. 'रायव्हलरी' हा शब्द हल्ली उठसूट कानावर आदळतो. हाडवैर असलेली घरं एकमेकांची सावली टाळतात. हार्वर्ड-येल १८७५ पासून एकमेकांशी खेळताहेत. स्पर्धा, चुरस हे अर्थ तुम्हाला ठाऊकच आहेत, ते सोडतो.

खरी गंमत मुळात आहे. रायव्हल 'रिव्हर'वरून आला असं छातीठोक सांगणारे विद्वान पावलोपावली भेटतात. साफ चूक! रिव्हरच्या मुळाशी लॅटिन 'रीपा', म्हणजे काठ. रायव्हलच्या मुळाशी 'रीवुस', म्हणजे ओढा, पाट. एकाच पाटाचं पाणी घेणारे ते 'रीवालिस'. उल्पियन या रोमन कायदेपंडिताने पाण्याच्या तंट्यांबद्दल लिहिताना नेमकी हीच फोड केली आहे. रात्री दारं धरायला गेलेल्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. आपली पाळी चालू असताना सरीतलं पाणी एकाएकी आटलं, की तो बॅटरी घेऊन वरच्या बांधाकडे निघतोच.

आता पेनसिल्व्हेनियात चला. लीहाय विद्यापीठ बेथलेहेमला, लाफायेट कॉलेज ईस्टनला, आणि दोन्ही गावं लीहाय नदीवर. बेथलेहेम वरच्या अंगाला, ईस्टन खाली, म्हणजे अक्षरशः रीवालिस! अमेरिकी कॉलेज फुटबॉलमध्ये सर्वाधिक वेळा झालेली लढत यांचीच. १८८४ पासून चालू, कधी कधी एका हंगामात दोनदा, म्हणून २०१४ सालीच दीडशेवा सामना झाला. आणि तिचं नाव काय? नुसतं 'द रायव्हलरी'.

पाणी तिकडेही सुटत नाही. १९०३ साली मिशिगनचा संघ मिनेसोटात खेळायला गेला. यजमानांच्या पाण्यात काही कालवलेलं असेल, या धास्तीने म्हणे प्रशिक्षक योस्ट यांनी बाजारातून मातीचा बुधला आणवला. सामना ६-६ असा बरोबरीत सुटला आणि बुधला तिथेच राहिला. मिनेसोटाने तो ठेवून घेतला. १९०९ साली मिशिगनला तो जिंकून न्यावा लागला. आजही याच बुधल्यासाठी झुंजतात. आपण शेजाऱ्याला पाण्यात पाहतो, हे इथे आठवल्यावाचून राहत नाही.

हां, तुमचा प्रश्न. 'प्रतिद्वंद्विता' सुचवणारे कोशकार तो शब्द एकदा मैदानात उभं राहून ओरडून पाहोत. माझ्या मते शब्द एकच : भाऊबंदकी. तिच्यात वाटणी आहे, रुसवा आहे आणि लग्नाच्या पंगतीत शेजारी बसणंही आहे. १८९६ साली लाफायेटचा फुटबॉलपटू बार्कले पैसे घेऊन बेसबॉल खेळला, मग तो हौशी खेळाडू कसला, यावरून वाद पेटला आणि लीहायशी सामनाच झाला नाही. पुढच्या वर्षी दोघे पुन्हा समोरासमोर.