करार संपत आलेल्या खेळाडूला फुटबॉल क्लब अडवून ठेवू शकतो का?

नाही. मुदत संपली की खेळाडू मोकळा.

तुमच्या आवडत्या क्लबच्या मिडफिल्डरचा करार येत्या जूनमध्ये संपतोय, तो नव्या करारावर सही करत नाहीये, तर क्लबकडे त्याला ठेवून घ्यायचा काही कायदेशीर मार्ग आहे का आणि क्लबनं आता काय करावं, असं तुम्ही विचारलंय. पहिल्या भागाचं उत्तर वर आलं. दुसऱ्याकडे येतो. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही जे जोडलंय, ‘क्लबनं त्याला घडवलं आणि आता तो फुकटात पळतोय’, ते मला झोंबलं. हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा झालंय की त्याचं उत्तर दिल्याशिवाय मला पुढे जाववणार नाही.

माझा धाकटा भाऊ लेफ्ट बॅक होता. पहिल्या व्यावसायिक क्लबात त्याला आमच्या मामांनी नेलं. तिथल्या सचिवांशी मामांची जुनी ओळख. मुलगा चांगला खेळला, एक करार संपला, दुसरा झाला, आणि दुसऱ्याच्या शेवटच्या हंगामात तो पहिल्या अकरांत पक्का होता. हंगामाच्या मध्यावर त्यानं स्वतः जाऊन विचारलं, ‘साहेब, माझं पुढचं काय?’ उत्तर आलं, ‘अरे, तू घरचाच आहेस. हंगाम संपू दे, बघू.’ घरच्या माणसाला कागद द्यायची घाई कुणालाच नसते.

मग वरच्या डिव्हिजनमधल्या एका क्लबनं विचारणा केली. चोरून नाही, या क्लबला आधी रीतसर पत्र पाठवून. त्या दिवसापासून घरचा माणूस नमकहराम झाला.

सचिवांनी बोलावलं तेव्हा मीही गेलो. टेंडरची कागदपत्रं तपासण्यात माझी उमर चाललीय, त्यामुळे घरातला कुठलाही करार माझ्याकडेच येतो. हाही सहीच्या आधी माझ्या नजरेखालून गेला होता. सचिवांनी कपाटातून फाइल काढली, पान उघडून आमच्याकडे फिरवलं आणि एका ओळीवर अंगठा टेकवला. ‘हे वाचा. मुदत आणखी एक हंगाम वाढवता येईल. स्पष्ट लिहिलंय.’

मी म्हटलं, ‘साहेब, अंगठा जरा बाजूला घेता का?’

अंगठ्याखाली होतं ‘उभय पक्षांच्या लेखी संमतीने’.

माणूस ओशाळला वगैरे अजिबात नाही. फाइल मिटली, माझ्याकडे न बघता भावाला म्हणाला, ‘मामांना काय तोंड दाखवणार आहेस तू?’ कायद्यात काही उरलं नाही की नात्यात हात घालायचा. त्यानंतर भावाला ज्युनिअर मुलांबरोबर सरावाला पाठवलं. उरलेले सामने त्यानं साध्या कपड्यांत स्टँडमधून पाहिले. शेवटच्या महिन्याचा पगार मागून मागून घ्यावा लागला. पण मुदत संपली त्या तारखेला तो गेला, आणि त्याला कुणीही अडवू शकलं नाही. मामा मात्र अजून म्हणतात, ‘पोरानं संस्थेच्या पाठीत खंजीर खुपसला.’

मामांना मी जे वेळोवेळी सांगितलं आणि त्यांनी जे कधी पुरतं ऐकून घेतलं नाही, ते तुम्हाला सांगतो.

करार संपल्यावरही खेळाडू क्लबचाच, ही पद्धत एके काळी खरंच होती. इंग्लंडमध्ये करार संपला तरी क्लब खेळाडूची नोंदणी स्वतःकडे ठेवायचा. दुसरीकडे खेळू द्यायचं की नाही हे क्लब ठरवणार. १९६० मध्ये जॉर्ज ईस्टहॅमचा न्यूकॅसलबरोबरचा करार संपला आणि त्याला बदली, म्हणजे दुसऱ्या क्लबात जायला, हवी होती. क्लबनं नकार दिला. राष्ट्रीय संघाच्या दारात उभा असलेला हा माणूस फुटबॉल सोडून बुचांच्या धंद्यात विक्रीचं काम करायला लागला. शेवटी क्लबनं त्याला ४७,५०० पौंडांना आर्सेनलला विकलं. त्यानं क्लबवर भरलेला खटला तरीही सोडला नाही, आणि १९६३ मध्ये न्यायालयानं ही अडवणूक म्हणजे माणसाच्या रोजगारावरचं गैरवाजवी बंधन आहे असं ठरवलं.

तरी बदलीची फी, म्हणजे खेळाडू सोडण्यासाठी जुन्या क्लबनं नव्याकडून घ्यायची रक्कम, मागायची सोय युरोपात उरलीच. १९९० मध्ये बेल्जियममध्ये ज्याँ-मार्क बोसमनचा लिएज क्लबबरोबरचा करार संपला. क्लबनं नवा देऊ केला तो मासिक १,२०,००० बेल्जियन फ्रँकवरून थेट ३०,००० वर आणून. त्याला फ्रान्समधल्या डंकर्क क्लबात जायचं होतं, पण बदलीच्या पैशांवरून ते फिसकटलं. म्हणजे एकीकडे त्याची किंमत चौथा हिस्सा आणि दुसरीकडे त्याला सोडायला मोठी रक्कम. हा दुटप्पीपणा कुणी डोळ्यांसमोर ठेवावा, तर मामांनी. १५ डिसेंबर १९९५ ला युरोपीय न्यायालयानं निकाल दिला: युरोपीय संघातल्या देशाचा नागरिक असलेल्या खेळाडूचा करार संपला की संघातल्या दुसऱ्या देशातल्या क्लबात जाताना जुन्या क्लबाला बदलीची फी मागता येणार नाही. तेव्हा बोसमन एकतीस वर्षांचा होता आणि त्याची उमेदीची वर्षं कोर्टात गेली होती. पैसा कमावला पुढच्या पिढ्यांनी.

आज फिफाच्या नियमांत तर करारातले शेवटचे सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबाबरोबर पुढचा करार करून ठेवू शकतो. अट एवढीच की नव्या क्लबनं बोलणी सुरू करण्याआधी जुन्याला लेखी कळवायचं. भावाच्या वेळी आलेलं पत्र ते हेच. ज्याला सचिव ‘आमचा माणूस फोडला’ म्हणत होते, तो नियमाप्रमाणे दाखवलेला शिष्टाचार होता.

आता ‘घडवलं’ याबद्दल. घडवल्याचे पैसे नियमात वेगळे ठेवलेले आहेत, हे बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांना माहीत नसतं. तरुण व्यावसायिक खेळाडू तेवीसच्या आसपासच्या वयापर्यंत एका देशातून दुसऱ्या देशात गेला, तर जुन्या क्लबाला प्रशिक्षणाची भरपाई मागता येते. पण युरोपात त्याला एक अट आहे, आणि ती मला फार आवडते: करार संपण्याच्या किमान साठ दिवस आधी क्लबनं खेळाडूला लेखी प्रस्ताव द्यायला हवा, आणि तो चालू कराराइतक्या मोलाचा तरी हवा. म्हणजे ज्याला ठेवायची खरोखर इच्छा होती त्यालाच भरपाई. ‘बघू हंगाम संपल्यावर’ म्हणणाऱ्याला काही नाही. इंग्लंडमध्ये देशांतर्गत बदलीतही चोविसाच्या आतल्या खेळाडूसाठी अशी रक्कम ठरते, दोन्ही क्लबांचं जमलं नाही तर लवादाकडून. डॅनी इंग्ज २०१५ मध्ये बर्नलीहून लिव्हरपूलला गेला तेव्हा आकडा लवादानंच ठरवला.

बरं, तुमचा क्लब काय करू शकतो?

करारात एक वर्ष वाढवायचा एकतर्फी पर्याय असेल तर तो वेळेत वापरायचा. मँचेस्टर युनायटेडनं २०१८ मध्ये गोलकीपर दाविद दे हेआच्या बाबतीत तेच केलं आणि मग त्याच्याशी निवांत बोलणी केली. मात्र असा पर्याय कुणाच्या हातात आहे ते नीट पाहा. फ्रान्सचा स्ट्रायकर एमबापे याच्या पॅरिस सेंट-जर्मेन क्लबबरोबरच्या करारात जादा वर्षाचा निर्णय त्याच्या हातात होता. २०२३ मध्ये त्यानं लेखी कळवलं की तो पर्याय मी वापरणार नाही. क्लबनं त्याला आशियाच्या दौऱ्यातून वगळलं, पहिल्या सामन्यात घेतलं नाही, आणि मग मुकाट्यानं परत संघात घेतलं. २०२४ मध्ये तो रेआल माद्रिदला गेला, पॅरिसला बदलीची दमडी मिळाली नाही. बाकावर बसवून कुणाचं मन वळल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. त्यातून फक्त शेवटचे महिने नासतात, आणि संघातली बाकीची पोरं ते बघत असतात.

पर्याय नसेल तर दोनच वाटा. अठरा-चोवीस महिने उरलेले असताना चांगला प्रस्ताव द्या, किंवा एक वर्ष उरलेलं असताना विका. शेवटच्या जानेवारीत जागं होण्यात अर्थ नाही. तेव्हा निम्म्या बाजारभावानं तरी गिऱ्हाईक का यावं? सहा महिने थांबलं की फी शून्य.

तिसरी वाट आहे, आणि ती शहाण्या क्लबालाच झेपते: माहीत असून ठेवणं. जर्मनीतल्या डॉर्टमुंड क्लबनं २०१३ मध्ये आपला स्ट्रायकर लेवांडोव्स्कीला विकायला नकार दिला. जानेवारी २०१४ मध्ये त्यानं बायर्नबरोबर करार केला, तोही ज्यांच्याशी खुन्नस त्यांच्याशीच. तरी डॉर्टमुंडनं त्याला उरलेला हंगाम खेळवलं आणि त्यानं २० गोल करून बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या अव्वल लीगमध्ये, सर्वाधिक गोलांचा मान मिळवला. शिव्या नाहीत, ज्युनिअरबरोबर सराव नाही. क्लबनं त्याचे गोल वापरून घेतले, त्यानं आपला करार पाळला. मामांना मी हे उदाहरण दिलं तर म्हणाले, ‘त्यांच्याकडे पैसा आहे.’ पैशाचा काय संबंध? माणसाला खेळवायला पैसा लागत नाही.

आणि ‘फुकटात’ हा शब्द तर सोडूनच द्या. बदलीची फी वाचते, म्हणून नवा क्लब सहीचा बोनस आणि पगार वाढवून देतो. पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो, आणि या वेळी तो खिसा धावणाऱ्या माणसाचा असतो. यात वाईट काय आहे ते मला कुणी अजून पटवून दिलेलं नाही.

तुमच्या मिडफिल्डरबद्दल खरं सांगायचं तर, जानेवारी उलटला आणि सही नाही, म्हणजे बहुतेक तो गेला. अपवाद असतात. लिव्हरपूलमध्ये सालाह आणि व्हान डाइक यांनी २०२५ च्या एप्रिलमध्ये, करार संपायला जेमतेम अडीच महिने असताना, नवा केला. त्याच हंगामात अलेक्झांडर-आर्नोल्ड मात्र रेआल माद्रिदला गेला. एकाच ड्रेसिंग रूममधली तीन माणसं. त्यामुळे पैज लावू नका.

काही गोष्टी राहिल्या. दोघांची इच्छा असूनही खेळाडू राहू शकत नाही असंही होतं: मेस्सीचा करार ३० जून २०२१ ला संपला, बार्सिलोनाशी नव्या अटी ठरल्या होत्या, पण स्पेनच्या लीगनं घातलेल्या खर्चमर्यादेत त्याची नोंदणी बसेना, आणि ऑगस्टमध्ये तो पॅरिसला गेला. अमेरिकेतल्या एमएलएस (मेजर लीग सॉकर) या लीगमध्ये चित्र वेगळं आहे. करार संपला तरी लीगच्या आत खेळाडूवरचा हक्क जुन्या क्लबाकडे राहू शकतो, ठरावीक वय आणि सेवेची वर्षं पुरी झाल्याशिवाय. मी वर जे ठामपणे लिहिलंय ते तिथे लावू नका. उसनवारीवर आलेला खेळाडू असेल तर मूळ क्लबाचा करार पाहायचा, तुमच्या क्लबाचा नाही. आणि हौशी खेळाडूचा नोंदणीचा कागद म्हणजे करार नव्हे, त्याच्या संघटनेचे नियम वेगळे वाचावे लागतील.