लिव्हरमधलं एकच प्रोटीन फॅटी अ‍ॅसिड आणि बाइल अ‍ॅसिड दोन्ही कसं धरतं?

तुमच्या प्रश्नाखालची ओळ, "बाइल अ‍ॅसिड साबणासारखं कशालाही चिकटतं, त्याला बाइंडिंग कसं म्हणायचं?", वाचली आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. बाइल अ‍ॅसिड म्हणजे पित्तातलं आम्ल, आणि बाइंडिंग म्हणजे प्रोटीनने एखादा रेणू ठरलेल्या जागी धरणं. हेच वाक्य मी तीन वर्षं माझ्या गाइडच्या तोंडून ऐकलंय.

२००१ साली पीएचडीला होते. पहाटे डबा आणि बर्फ घेऊन चिकनवाल्याच्या दारात उभी असायचे. कलेजी काढताना पित्ताची पिशवी फुटली की तो तुकडा हिरवा पडतो. तसला एकही तुकडा मी कधी घेतला नाही. कोंबडीच्या लिव्हरमध्ये एफएबीपी-१ (फॅटी अ‍ॅसिड धरणारं प्रोटीन) असतंच, शिवाय त्याच घराण्यातलं, साधारण १४ किलोडाल्टन वजनाचं आणखी एक प्रोटीन असतं. ते बेसिक (अल्कलीधर्मी), म्हणून डीईएईच्या, म्हणजे ऋणभार असलेली प्रोटीनं अडवणाऱ्या, कॉलममधून न थांबता खाली उतरतं. तेव्हा त्याचं नाव 'लिव्हर बेसिक फॅटी अ‍ॅसिड बाइंडिंग प्रोटीन'. सरांच्या जुन्या आकड्यांत बाइल अ‍ॅसिड त्याला जेमतेम चिकटत होतं. सर म्हणायचे, "नावातच फॅटी अ‍ॅसिड आहे, अजून काय पाहिजे तुला?"

कारण सापडायला मला दीड वर्ष लागलं. लिव्हरमधून काढलेलं हे प्रोटीन रिकामं नसतं, पोटात लिपिड (चरबीचे रेणू) घेऊनच येतं. ते काढायला लिपिडेक्स-१००० चा, म्हणजे लिपिड ओढून घेणाऱ्या दाण्यांचा, कॉलम ३७ अंशांवर चालवावा लागतो. आमच्याकडे सगळेच कॉलम सवयीने कोल्ड रूममध्ये. थंडीत लिपिडेक्स फक्त मोकळं फॅटी अ‍ॅसिड धरतं, प्रोटीनच्या पोटातलं तसंच राहतं. मी कॉलमला वॉटर जॅकेट लावलं. एएनएस हे रंगद्रव्य प्रोटीनच्या पोकळीत बसलं की फ्लुओरिमीटरमध्ये (चमक मोजणाऱ्या यंत्रात) चमकतं. आता चिनोडीऑक्सिकोलेटचा (हे एक बाइल अ‍ॅसिड) थेंब पडला की ती चमक सरळ खाली यायची, म्हणजे ते एएनएसला बाहेर ढकलत होतं. सरांनी ते प्रकरण थीसिसमध्ये घालू दिलं नाही. "पित्त मिसळलेली कलेजी आणली असशील," म्हणाले.

२००४ मध्ये इटलीतल्या एका गटाने याच प्रोटीनचं क्रिस्टल स्ट्रक्चर छापलं. पोकळीत कोलेटचे, म्हणजे बाइल अ‍ॅसिडचेच, दोन रेणू. आज त्याला लिव्हर बाइल अ‍ॅसिड बाइंडिंग प्रोटीन म्हणतात. आणि साबणाचं म्हणाल, तर कोलेटचे मिसेल (साबणासारखे पुंजके) व्हायला मिलिमोलरमध्ये कोलेट लागतं. मी मोजत होते मायक्रोमोलरमध्ये, हजारपट लहान एककात.

तुमचा मूळ प्रश्न: हो, जागा तीच. दहा बीटा-धाग्यांचं पिंप, वर दोन हेलिक्सचं झाकण. एफएबीपी-१ मध्ये एक ओलिएट (हे एक फॅटी अ‍ॅसिड) आत वाकून बसतं, त्याचं आम्लाचं (कार्बॉक्सिल) टोक १२२ व्या आर्जिनिन या अमिनो आम्लापाशी. दुसऱ्या ओलिएटचं टोक झाकणाकडे बाहेर. दोन्ही प्रकारच्या लायगँडचे (आत बसणाऱ्या रेणूंचे) आकडे कुणीही दाखवले तर आधी विचारा, लिपिड काढलं होतं का आणि किती अंशांवर. 'प्रोटीन डीलिपिडेट केलं' एवढ्यावर सोडू नका, गाइड कितीही मोठा असो.

एक राहिलं. वरचं बेसिक प्रोटीन कोंबडीचं, सस्तन प्राण्यांत ते नाही. माणसाच्या एफएबीपी-१ मध्ये बाइल अ‍ॅसिड शिरतं, पण फॅटी अ‍ॅसिडइतकं घट्ट बसत नाही. आपल्या लिव्हरमध्ये ते घट्ट धरणारं प्रोटीन म्हणजे एकेआर१सी२, आणि ते या घराण्यातलं नाही. कोंबडीच्या त्या प्रोटीनचा आपल्याकडचा जवळचा नातेवाईक आतड्याच्या शेवटच्या भागात सापडतो, एफएबीपी-६. त्यातही बाइल अ‍ॅसिडचे दोन रेणू बसतात.