'इग्रीजस': कळपाबाहेरचे विशेषण

प्रश्न असा आहे की, इंग्रजी बातम्यांत 'इग्रीजस' हे विशेषण नेहमी अक्षम्य चुकीला किंवा ढळढळीत नियमभंगाला लावलेले दिसते. मग गाउससारख्या गणितज्ञाने स्वतःच्याच सिद्धान्ताला 'थिओरेमा एग्रेजियम' असे का म्हणावे?

शब्द एकच आहे. मात्र गाउसने १८२७ साली ज्यात हा सिद्धान्त मांडला तो प्रबंध लॅटिनमध्ये आहे, आणि लॅटिनमध्ये 'एग्रेगियस' ही निखळ स्तुती आहे. 'ग्रेक्स' म्हणजे कळप आणि 'ए' म्हणजे 'मधून बाहेर'. तेव्हा कळपातून वेगळा काढावा असा, म्हणजेच निवडक, असा त्याचा मूळ अर्थ. एखाद्या पृष्ठभागाची वक्रता त्या पृष्ठभागावरच्याच मोजमापांतून काढता येते, त्यासाठी बाहेरून पाहावे लागत नाही, हा निष्कर्ष गाउसला असा निवडक वाटला, यात नवल नाही.

इंग्रजीतही सोळाव्या शतकात हा शब्द आला तो गौरवार्थानेच. पण त्याच शतकाच्या उत्तरार्धात तो वाईटपणात उठून दिसणाऱ्यालाही लावला जाऊ लागला आणि पुढे तोच अर्थ उरला. उपरोधाने वापरून वापरून असे झाले असावे, असे मानले जाते, आणि मला ते पटते, कारण आपल्याकडे अशोकाने अभिमानाने मिरवलेल्या 'देवानांप्रिय' या बिरुदाचा अर्थ उत्तरकालीन संस्कृतात 'मूर्ख' असा झाला, आणि मराठीत कोणी 'हे महाभाग' म्हणाले की पुढे कौतुक येणार नाही हे आपण ओळखतोच. इटालियनमध्ये मात्र औपचारिक पत्राच्या मायन्यात 'एग्रेजो' आजही आदरार्थी आहे. तिथे रागावण्याचे कारण नाही.

'ग्रेक्स'चे गोत मोठे आहे: कळपाने राहणारा तो 'ग्रिगेरियस', एकत्र जमणे ते 'काँग्रिगेशन', वेगळे काढणे ते 'सेग्रिगेशन'. (गुरांवरून माणसांच्या जमण्याकडे आपणही गेलोच आहोत: 'गोष्ठ' म्हणजे गोठा, त्यावरून 'गोष्ठी' म्हणजे सभा, मग संभाषण, आणि शेवटी आपली 'गोष्ट'.)

भाषांतरापुरते सांगायचे तर, बातमीतल्या चुकीला सरळ 'घोडचूक' म्हणावे. नियमभंगाला 'धडधडीत' शोभते. गाउसच्या सिद्धान्ताला मी 'विलक्षण सिद्धान्त' म्हणेन, कारण 'विलक्षण' म्हणजे इतरांहून निराळ्या लक्षणांचा, आणि हा शब्द मराठीत बुद्धीलाही लागतो, तसा त्रासालाही.