कोई की गोल्डफिश? रंगावर जाऊ नका, मिशा बघा

प्रश्न (दौंड तालुका, जि. पुणे): शेततळ्यात सोडण्यासाठी कोई कार्प या शोभेच्या माशाची केशरी बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) आणली. शेजारी म्हणतात हे गोल्डफिश आहेत. ओळखायचे कसे? तळ्यात आधीपासून सायप्रिनस (खाण्यासाठी पाळतात तो कॉमन कार्प) आहे, त्यात सोडले तर चालेल का?

उत्तर: रंग हा पुरावा धरू नका. केशरी, पांढरा, ठिपक्यांचा असा गोल्डफिशही असतो, आणि लांबट अंगाचा कॉमेट गोल्डफिश वरून पाहिला तर कोईच वाटतो. मासा पाण्यासकट काचेच्या बरणीत घ्या, उजेडाकडे धरा आणि बाजूने तोंड बघा. कोईला वरच्या ओठावर दोन्ही बाजूंना मिळून चार मिशा असतात. पुढच्या दोन आखूड, तोंडाच्या कोपऱ्याजवळच्या दोन लांब. गोल्डफिशला मिशा नसतातच. बोटुकली फार लहान असेल तर मिशा केसासारख्या बारीक दिसतात, तेव्हा भिंग वापरा. मिशा आहेत पण अगदी खुरट्या किंवा कमी असतील, तर तो दोघांचा संकर असू शकतो.

पांढरट-पिवळा गवत्याही (ग्रास कार्प) कधी कोई समजून घेतला जातो. त्यालाही मिशा नसतात, अंग लाटण्यासारखे गोल असते आणि पाठीवरचा पर आखूड असतो. कोईचा पर पाठभर लांब पसरतो.

सायप्रिनसचे मात्र वेगळे आहे. कोई हा त्याचाच रंगीत प्रकार. जपानच्या निगाता भागात १९ व्या शतकात शेतकऱ्यांनी रंगीत मासे निवडून निवडून तो घडवला. मिशा, पर, खवले यांवरून दोघे वेगळे काढता येत नाहीत. फरक फक्त रंगाचा.

म्हणूनच एका तळ्यात दोघे ठेवू नका. रोहू-कटल्याची वीण साठलेल्या पाण्यात सहसा होत नाही, पण हे दोघे तिथेच पाणवनस्पतींवर अंडी घालतात आणि आपसात संकर करतात. पुढच्या पिढीत बहुतेक पिल्ले मातकट निघतात. शोभेचा मासा म्हणून त्यांना भाव मिळणार नाही, आणि तळ्यात गर्दी झाली की सगळ्यांचीच वाढ खुंटते.

नवीन बोटुकली आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. कोईचा हर्पिस विषाणू कोई आणि सायप्रिनस दोघांनाही मारतो. गोल्डफिश आजारी दिसत नाही, पण विषाणू वाहून आणू शकतो. टाकीचे जाळे, बादली तळ्यासाठी वापरू नका.

तपासणीत गोल्डफिश निघाले तर विक्रेत्याला परत द्या. भीमेत किंवा कालव्यात सोडू नका, तिथल्या देशी माशांच्या खाद्यात ते वाटेकरी होतात.