'पितळी भांडे, १ नग'

संग्रहालयातल्या नोकऱ्यांबद्दल विचारणारी पत्रं बरीच साठली होती. सगळ्यांना वेगवेगळं लिहिणं जमणार नाही, म्हणून एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. नावं मुद्दाम गाळली आहेत.

प्रश्न : मी कराडला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय इतिहास. संग्रहालयात काम करायचं तर पुढे कोणता अभ्यासक्रम घ्यावा? फार लांब जायला घरचे तयार होणार नाहीत.

संग्रहालयशास्त्राचा देशातला सर्वांत जुना विभाग बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात आहे, १९५२ पासूनचा. सयाजीराव मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, तेव्हा बडोदं काही परमुलूख नाही, असं घरी सांगून बघा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पदव्युत्तर पदविका करता येते. पुण्यात डेक्कन कॉलेज आहे, पण तिथला भर पुरातत्त्वावर.

अर्ज भरण्याआधी मात्र जुन्या दोन-तीन जाहिराती शोधून वाचा, लोकसेवा आयोगाच्या आणि खासगी संग्रहालयांच्याही. कुठे संग्रहालयशास्त्राची पदविका मागतात, कुठे पुरातत्त्व किंवा प्राचीन इतिहासातलं एम.ए. मुलं आधी पदवी घेतात आणि पात्रतेची अट नंतर वाचतात. हे उलटं करा.

आणि कराडला राहून औंध पाहिलं नसेल तर आधी तिथे जा. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उघडलेलं श्री भवानी संग्रहालय तुमच्याच जिल्ह्यात आहे. रविवर्म्याची चित्रं आहेत, ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं दगडातलं 'माता आणि बालक' आहे. सगळं बघू नका. एकाच वस्तूपुढे तासभर उभ्या राहा आणि जे दिसतं ते वहीत लिहा. का, ते पुढच्या उत्तरात येईल.

प्रश्न : एका लहान संग्रहालयात अकरा महिन्यांच्या करारावर आहे. जुन्या रजिस्टरातल्या नोंदी संगणकात भरणं, एवढंच काम. एम.ए. होऊन कारकुनी करतोय. क्युरेटर व्हायचा नाद सोडून द्यावा का?

आधी मला सांगा, नोंद भरताना तुम्ही ती वस्तू कपाटातून काढून समोर ठेवता, की रजिस्टरात बघून ओळीला ओळ टाइप करता? दुसरं करत असाल तर ती कारकुनीच आहे, तुमचं बरोबर आहे.

माझ्या पहिल्या नोकरीतल्या रजिस्टरात एक नोंद होती : 'पितळी भांडे, १ नग'. बस्स. कपाटात पितळी भांडी तीसेक. त्यांतलं हे कोणतं, ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. आमच्या साहेबांनी त्यातला एक तांब्या टेबलावर ठेवला, मोजपट्टी दिली आणि म्हणाले, याचं वर्णन लिहा. दहा मिनिटांत माझ्या चार ओळी लिहून झाल्या. त्यांनी कागद न वाचताच परत दिला आणि भिंग पुढे सरकवलं.

मग दिसायला लागलं. उंची १४.२ सें.मी., तोंडाचा व्यास ९.६. ओठ एका जागी आत दबलेला. आतली कल्हई अर्धी उडालेली. बुडाला डाख लावलेला, तोही जरा ओबडधोबड. आणि गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं एका बाईचं नाव, पुढे 'शके १८५१'. त्यात ७८ मिळवले की १९२९. तासाभरात त्या 'भांड्या'ला साल मिळालं, मालकीण मिळाली, आणि गळायला लागल्यावर तिने ते मोडीत न घालता दुरुस्त करून वापरलं, हेही कळलं. रजिस्टर यातल्या कशाबद्दलच बोलत नव्हतं.

क्युरेटर पुढे जे काही करतो, म्हणजे प्रदर्शन, लेख, दालनातली पाटी, ते सगळं अशा नोंदीवर उभं असतं. नोंद पोकळ असेल तर पाटीही पोकळच. 'पितळी भांडे, विसावे शतक' असल्या पाट्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत.

तेव्हा असं करा. वरिष्ठांची परवानगी घेऊन रोज दोन वस्तूंची नोंद नव्याने लिहा. आकार, माप, धातू की लाकूड, कारागिरी, मजकूर, झीज, दुरुस्ती, कुठून आली, आत्ता कुठल्या कपाटात कुठल्या फळीवर आहे. शेवटचं तर कधीच चुकवू नका. संग्रहालयातल्या वस्तू चोराआधी आपल्याच स्टोअरमध्ये हरवतात. वस्तूवर क्रमांक घालायचीही पद्धत असते : धातूवर आधी पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक, नंतर काढता येणाऱ्या रेझिनचा पातळ थर, त्यावर शाईने क्रमांक, वर पुन्हा थर, म्हणजे उद्या पुसायचा झाला तर मूळ वस्तूला धक्का लागत नाही. कापडाला सुती फीत टाक्यांनी टाचायची. कागदावर मऊ पेन्सिल. मूर्तीच्या बैठकीवर, अगदी समोर, पांढऱ्या ऑइलपेंटने घातलेले आकडे मी पाहिलेत. घालणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार.

केंद्र सरकारच्या संग्रहालयांत 'जतन' ही नोंदींची संगणक-प्रणाली वापरतात, सीडॅक या सरकारी संगणक संस्थेच्या पुण्यातल्या लोकांनी बनवलेली. ती शिकून घ्या, पण सॉफ्टवेअर कुणीही महिन्याभरात शिकतं. करार संपेल तेव्हा तुमच्याकडे पन्नास चांगल्या नोंदी हव्यात. मुलाखतीला गेलात की त्या पुढे ठेवा. मी निवड समितीवर असताना कितीतरी उमेदवारांना खिशातलं पेन देऊन म्हटलंय, याचं वर्णन करा. गडबडतात हो, चांगले एम.ए. झालेले गडबडतात.

प्रश्न : मुंबईत मराठी शाळेत बारा वर्षं शिक्षिका आहे. मुलांना संग्रहालयात नेलं की मलाच जास्त मजा येते. संग्रहालय शिक्षणात पूर्णवेळ यायचं आहे. राजीनामा देऊ का?

नको. निदान आत्ता नको. शिक्षण अधिकाऱ्याची कायम जागा फार थोड्या संग्रहालयांत आहे. बाकी सगळं करारावर किंवा प्रकल्पापुरतं, आणि पगार तुमच्या आजच्या पगाराच्या आसपासही नसतो. घर तुमच्यावर चालत असेल तर हे आधी नीट मोजा.

पण तुमच्याजवळ जे आहे ते पदविकावाल्यांकडे नसतं : साठ मुलं चाळीस मिनिटं सांभाळायची सवय. तुम्हाला विसरावं लागेल ते सांगणं. मी सुरुवातीला शाळांना अकरा दालनं फिरवायचे, तोंडाचा पट्टा चालू. एकदा जाता जाता एका मुलाला विचारलं, सगळ्यांत काय आवडलं? म्हणाला, "तो मोठा पंखा." छताचा. त्या दिवशी घरी जाऊन मी रडले नाही, पण चहाही घेतला नाही.

नंतर तो वरचा तांब्याच मी मुलांपुढे ठेवायला लागले. खरा काचेत, आणि हाताळायला बाजारातून आणलेला तसलाच. दोनच प्रश्न विचारायचे : काय दिसतंय? आणि कशावरून म्हणतोस? मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं शिक्षकाला सगळ्यांत जड जातं. पंधरा सेकंद तासासारखे वाटतात. नाव कशाला घातलं असेल, यावर पुष्कळ तर्क निघाले. चोरी होऊ नये म्हणून, वाढदिवसाची भेट म्हणून, दुकानाचं नाव असेल म्हणून. मागच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "आमच्या गावाला लग्नात सगळ्यांकडची भांडी आणतात. परत देताना कळायला पाहिजे ना कोणाचं कुठलं." तिथून मग पंगत, उसनी भांडी, बाईचं स्वतःच्या नावाचं असं घरात काय काय असायचं, इथपर्यंत तास गेला. माझ्या नोंदीत पंगतीचा उल्लेख नव्हता. दुसऱ्या दिवशी 'संभाव्य कारण' म्हणून घातला.

तुम्ही नोकरी न सोडता सुरुवात करा. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. तिथली मुंबईतल्या माणसांची आणि धंद्यांची मातीची छोटी मॉडेल्स म्हणजे शिक्षकाला खाणच आहे. फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात २०१९ पासून मुलांचं वेगळं संग्रहालय आहे, आणि त्यांची फिरती बस शाळांपर्यंत जाते. दोन्हीकडे सुट्टीत स्वयंसेवक म्हणून काम करता येईल का ते विचारा. आणि एक वस्तू, एक इयत्ता, पाठ्यपुस्तकातला एक पाठ, एवढ्यावर चाळीस मिनिटांचा तास लिहून काढा. तुमच्याच वर्गावर दोनदा करून बघा. फसला तर कुठे फसला तेही लिहा. असा एक कागद घेऊन आलेल्या शिक्षिकेला मी तरी परत पाठवलं नसतं.

प्रश्न : बी.एस्सी. केमिस्ट्री आहे. इतिहास शाळेनंतर वाचलेला नाही. मला इथे जागा आहे का?

आहे, आणि कदाचित सगळ्यांत आधी. जतन-संवर्धनात रसायनशास्त्र लागतंच. लखनौला याची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे, १९७६ पासून; तिथल्या प्रशिक्षणवर्गांवर लक्ष ठेवा. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातही संवर्धन केंद्र आहे.

एका संग्रहालयात उत्साही मंडळींनी दिवाळीच्या साफसफाईत तांब्याची जुनी पूजेची भांडी चिंच-मीठ लावून लखलखीत केली होती. दाखवायला मला बोलावलं, कौतुकाने. पृष्ठभागावरचा शंभर वर्षांचा थर आणि त्याखालची बारीक नक्षी, दोन्ही धुऊन गेलं होतं. शोभेसारखा स्थिर हिरवा थर आणि क्लोराइडमुळे येणारी भुरभुरीत फिकट हिरवी कीड, यांतला फरक ओळखणारं माणूस त्या दिवशी तिथे असतं तर! ते माणूस तुम्ही होऊ शकता. चित्र काढता येतं का? हात स्थिर आहे का? मार्कांपेक्षा त्याची चौकशी जास्त होईल.

प्रश्न : इंग्रजी कच्चं आहे. चालेल का?

मोठ्या शहरांत अडेल, म्हणून शिकत राहा. पण मोडी शिका, ते आधी. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात वर्ग होतात. चांगलं इंग्रजी लिहिणारे पुष्कळ मिळतात, मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, उघडून सलग वाचणारे फारसे नाहीत. आणि पदवीचं दडपण वाटत असेल तर लक्षात घ्या, राजा दिनकर केळकर संग्रहालय उभं करणाऱ्या केळकरांचा चष्म्यांचा व्यवसाय होता आणि ते 'अज्ञातवासी' नावाने कविता करत. गावोगावचे अडकित्ते, वज्री, दिवे त्यांनी गोळा केले आणि १९७५ मध्ये सारा संग्रह राज्य सरकारला दिला.

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत मोडी कागदांचे रुमाल सापडलेत. काही पानांना कसर लागली आहे. यातूनच कामाला सुरुवात करता येईल का? आधी लॅमिनेशन करून घेऊ का?

लॅमिनेशन नको, सेलोटेप नको. दोन्ही पुढे काढताना कागद सोबत घेऊन निघतात. डांबरगोळ्याही नकोत. रुमाल सोडण्याआधी बांधलेल्या स्थितीत फोटो काढा, कारण कुठला कागद कुठल्यासोबत बांधला होता, हीसुद्धा माहिती आहे आणि ती एकदा मोडली की परत जुळत नाही. कसर लागलेला रुमाल बाकीच्यांपासून वेगळा ठेवा. हात धुऊन, कोरडे करून, एकेक कागद मऊ ब्रशने झाडा. कोऱ्या, धुतलेल्या मांजरपाटात बांधा. प्रत्येक रुमालाला क्रमांक द्या आणि वहीत लिहा : किती पानं, कुठलं नाव वाचता आलं, कुठे फाटलंय.

हेच कागद वाचायला मोडी शिका, म्हणजे वर्गातला कंटाळाही कमी येईल. ट्रंक पोटमाळ्यावर असेल तर पाऊस सुरू व्हायच्या आत खाली काढा, आणि बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका.