आज्जीचा रेडिओ बंद का करायचा नाही

चिऊ,

तुझा मेसेज ट्रॅममध्ये वाचला आणि एकटीच हसत बसले, शेजारचा माणूस बघायला लागला. तू लिहिलंयस की आज्जी सकाळी सहाला रेडिओ लावते आणि मग ऐकतच नाही, ती आत किचनमध्ये, रेडिओ बाहेर, तू बंद केलास तर ओरडली, आणि नंतर चहा पिता पिता मामा आणि ती मिळून कुठल्यातरी साबणाच्या ॲडचं गाणं म्हणायला लागले, पूर्ण, तालासकट. "आई, मराठी लोक असं का करतात, ॲड तर स्किप करायची असते ना?" मेसेजमध्ये हे मावणार नाही म्हणून हे पत्र. मधले मोठे शब्द बाबाकडून समजून घे, इकडे मेलबर्नला त्याला वेळ नसतो, तिथं सोलापुरात नुसता बसलाय.

पहिलं म्हणजे आज्जी ऐकते. फक्त तू पॉडकास्ट ऐकतेस तसं नाही, कानात घालून. आमच्या लहानपणी घरात घड्याळ एकच होतं, ते आप्पांच्या, म्हणजे तुझ्या आजोबांच्या, मनगटावर, आणि आप्पा फर्स्ट शिफ्टला गेले की घड्याळपण मिलमध्ये. मग मागं उरायचे दोघं, मिलचा भोंगा आणि रेडिओ. पहाटे आकाशवाणीची ती संकेतधून वाजायची, तंबोरा आणि त्यावर व्हायोलिनचे ते थोडेसेच सूर. ती धून वॉल्टर कॉफमन नावाच्या माणसानं केलेली आहे, चेकोस्लोव्हाकियाकडचा ज्यू संगीतकार, तिकडं हिटलरचं सुरू झालं म्हणून मुंबईला आला आणि रेडिओत लागला. म्हणजे तुझ्या आज्जीला इतकी वर्षं रोज उठवणारा माणूसपण परदेशात राहायला गेलेलाच होता, गंमत आहे ना.

तर धून वाजली की स्टोव्ह पेटायचा. 6.55 ला संस्कृत बातम्या, "इयम् आकाशवाणी", प्रवाचक बलदेवानंद सागर. आम्हाला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही, पण त्या लागल्या म्हणजे माझी एक वेणी घालून झालेली असली पाहिजे. 7.05 ला पुण्याच्या प्रादेशिक बातम्या, सुधा नरवणेंचा आवाज आला की दुसरी. 8.30 ला दिल्लीहून मराठी बातम्या, त्या घरात ऐकू आल्या तर शाळेत उशीर ठरलेला. रेडिओचा काटा पुण्यावर, 792 वर, ठेवलेला असायचा आणि त्याला हात लावायची परवानगी फक्त आप्पांना. त्या काळी रेडिओ बाळगायला लायसन लागायचं, वर्षाला पोस्टात पैसे भरून पुस्तकावर शिक्का मारून आणायचा, ऐंशीच्या दशकात बंद झालं ते, पण आप्पांनी ते पुस्तक रेशनकार्डाशेजारी जपून ठेवलं होतं. सांगायचं म्हणजे तू बटण बंद केलंस तेव्हा आज्जीला वाटलं असणार की वेळच गेली. "काय करूलालीस गं, राहू दे की" असंच म्हणाली ना?

आता गाण्यांचं. हे जरा लांबणार आहे.

आपण तेव्हा पूर्व भागात राहायचो, मामाला सांग दाखवायला, वाडा नाही आता पण गल्ली आहे. त्या वाड्यात समोर पद्मशाली, तेलुगू बोलणारे, त्यांच्या पुढच्या खोलीत माग. वरच्या मजल्यावर कानडी अक्का. मागच्या बाजूला उर्दू बोलणारं कुटुंब. आणि आम्ही मराठी. सोलापूर असंच आहे, तू दुकानात बघितलं असशील, माणूस एका गिऱ्हाइकाशी तेलुगूत, दुसऱ्याशी कानडीत आणि आपल्याशी मराठीत बोलतो आणि मध्ये श्वासपण घेत नाही. आता आम्ही पोरं खेळायचो एकत्रच, पण प्रत्येकाची घरातली गाणी वेगळी. माझ्या भोंडल्याची गाणी समोरच्या मुलींना येत नव्हती आणि त्यांच्या बतुकम्माची, म्हणजे त्यांच्या फुलांच्या सणाची, मला नाही. अक्का धारवाड लावायच्या, समोरचे हैदराबाद लागतंय का बघायचे, आम्ही पुणं. पण रेडिओ सिलोन आणि विविध भारती सगळ्यांकडं. आणि दोन गाण्यांच्या मध्ये जे वाजायचं, साबण, टूथपेस्ट, डोकेदुखीच्या गोळ्या, सर्दीचं मलम, ते मात्र सगळ्यांना पाठ, एक शब्द इकडचा तिकडं नाही. सिनेमाचं गाणं रोज लागेलच असं नाही. जिंगल, म्हणजे जाहिरातीचं ते छोटं गाणं, रोज लागायचीच, तीपण दिवसातून पाच वेळा.

त्यामुळं गल्लीत जेवढी म्हणून एकत्र गायची गाणी होती ती जाहिरातीचीच होती, खोटं नाही सांगत. दोरीच्या उड्या जिंगलवर, लगोरीत टीम पाडताना जिंगलवर, बसमधून अक्कलकोटला ट्रिप गेली तेव्हा अंताक्षरीत अडकलं की जिंगल, आणि ती चालते की नाही यावर भांडणं. मला हिंदी शाळेत पाचवीला आलं पण त्याच्या आधीच मी "तंदुरुस्ती" आणि "सफेदी" फाडफाड म्हणत होते, अर्थ नंतर कळले.

आणि बायका विड्या वळायच्या. हे तुला माहीत पाहिजे, सोलापुरात हजारो बायका घरी बसून विड्या वळतात, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कात्रीनं कापलेली पानं, बोटं चालूच. हात गुंतलेले, डोळे गुंतलेले, कान तेवढे मोकळे. त्यांच्यासाठी रेडिओ दुपारभर चालू. समोर माग चालायचा, खटाखट खटाखट, म्हणून आवाज एकदम वर, त्यामुळं एकाच्या रेडिओवर चार घरं ऐकायची. कुणाला बंद करायचा अधिकार असा नव्हताच. तुला ॲड स्किप करता येते कारण फोन तुझा आहे. तो रेडिओ आमचा असून आमचा नव्हता, कळलं?

मी लहानपणी धरून चालले होते की आपल्या आकाशवाणीवर जाहिराती पहिल्यापासून असणार, तर नाही गं. 1967 पर्यंत आकाशवाणीवर एकही जाहिरात नव्हती. 1 नोव्हेंबर 1967 ला विविध भारतीवर सुरू झाल्या, मुंबई, पुणे आणि नागपूर, म्हणजे सुरुवात आपल्या महाराष्ट्रातच. आणि त्याच्या आधीची गोष्ट आणखी मजेची. बा. वि. केसकर नावाचे मंत्री होते, मराठीच, त्यांना सिनेमाची गाणी म्हणजे अगदी हलकी वाटायची, सरकारी रेडिओवर शास्त्रीय संगीत वाजलं पाहिजे असा आग्रह, त्यामुळं 1952 पासून आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ गायबच झाली. मग लोकांनी काय केलं? शास्त्रीय ऐकायला लागले का? छे. काटा फिरवला आणि सिलोन लावलं. श्रीलंकेतून, कोलंबोहून, शॉर्टवेव्हवर भारतातलीच गाणी यायची, आणि त्याचा खर्च भारतातल्याच कंपन्या जाहिरात करून द्यायच्या. टूथपेस्टवाल्यांची बिनाका गीतमाला त्यातलीच, 1952 च्या डिसेंबरात सुरू झाली, दर बुधवारी रात्री आठला, अमीन सायानी. शेवटी 1957 ला सरकारलाच विविध भारती काढावं लागलं. मला केसकरांचा राग येत नाही, उलट वाटतं त्यांच्याएवढी जाहिरातीची सेवा दुसऱ्या कुणी केली नसेल.

आज्जी लग्नाआधीपासून गीतमाला ऐकायची. शॉर्टवेव्ह सरळ नाही येत, वर आकाशात आपटून खाली येते, त्यामुळं आवाज मोठा व्हायचा, लहान व्हायचा, एकदम गेलाच, परत आला, विहिरीत उतरणाऱ्या बादलीसारखा. खिडकीच्या वर तांब्याच्या जाळीची पट्टी ताणून बांधलेली असायची, एरियल म्हणून, तरी कुणीतरी पोरानं तिला हात लावून उभं राहायचंच, आमच्याकडं तो मामा. एक नंबरचं गाणं लागेपर्यंत त्याचा हात वर. अमीन सायानी "बहनों और भाइयों" म्हणायचे, बहनों आधी, हे आज्जीला फार आवडायचं, अजून सांगते बघ. 2024 च्या फेब्रुवारीत ते गेले तेव्हा तिनं मला इकडं फोन केला होता, घरातलं कुणी गेल्यासारखा आवाज. त्या एका माणसानं साधारण 19,000 जाहिराती आणि जिंगल केल्याची नोंद आहे.

मामा आणि आज्जी जे गात होते ते निरमाचं असणार, तू लिहिलंयस तसं "वॉशिंग पावडर" वगैरे म्हणजे तेच. साबण नाही गं तो, पावडर. ती गुजरातमधल्या करसनभाई पटेल यांनी 1969 मध्ये अहमदाबादला घरी बनवून सायकलवरून विकायला सुरुवात केली, आणि नाव दिलं आपल्या मुलीच्या, निरुपमाच्या नावावरून. तेव्हा मोठ्या कंपनीची पावडर 13 रुपये किलो आणि ही 3 रुपयांच्या आसपास, मग आमच्यासारख्या घरात कुठली येणार. अक्कांना वाचता येत नव्हतं, त्या किराणा दुकानात जाऊन चक्क दोन ओळी गायच्या आणि दुकानदार पुडा काढून द्यायचा. मला तरी जिंगल म्हणजे काय हे तिथं कळलं. टीव्हीची ॲड बघून पाकीट ओळखता येतं, रेडिओत दिसत काहीच नाही, म्हणून नाव तीनदा घ्यायचं, यमक जुळवायचं, आणि चाल अशी ठेवायची की बेसूर माणसालापण जमली पाहिजे. दहा-पंधरा सेकंदात हे सगळं बसवणं सोपं नाही, मामाला विचार, त्यानं एकदा गल्लीतल्या इस्त्रीवाल्यासाठी करून बघितली होती.

दुसरी म्हणजे विको, "टर्मरिक, नही कॉस्मेटिक". कंपनी आपल्या पेंढरकरांची. गंमत म्हणजे ही ओळ नुसती यमकासाठी नव्हती, कॉस्मेटिक धरलं तर टॅक्स जास्त आणि आयुर्वेदिक औषध धरलं तर कमी, तो वाद एक्साइजवाल्यांबरोबर सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि कंपनी जिंकली. म्हणजे गाण्यात जे म्हणत होते तेच कोर्टात म्हटलं.

पण सगळं गोड गोड होतं असं नको समजूस. मामाला विचारलंस तर तो सांगेल आमच्या वेळचं काय ते भारी होतं, आत्ताच्या एफएमवर नुसती बडबड, वगैरे. मला तसं नाही वाटत. त्यातल्या निम्म्या जाहिराती कंटाळवाण्या होत्या, आणि गोरं करणाऱ्या क्रीमच्या तर मला अजून आठवल्या की राग येतो, कारण तीपण गाणीच होती आणि तीपण आम्ही दोरीच्या उड्या मारताना म्हणायचो, उन्हानं काळ्या झालेल्या सगळ्या पोरी, आणि लग्नाचं वय झाल्यावर त्यातल्या एकेकीला ती ओळ खरी वाटायला लागली. पाठ झालेलं सहज जात नाही, चांगलंही आणि वाईटही. तू स्किप करतेस त्यात एक बरं आहे की हे असलं तुझ्या डोक्यात घर करून बसणार नाही.

आता आज्जी जे स्टेशन लावते ते आकाशवाणी सोलापूर, एफएम, आवाज एकदम स्वच्छ, मामाच्या हाताची गरज नाही. शेतीचा कार्यक्रम, हवामान, मध्येच जुनं गाणं. शेत तर आपलं कधीच नव्हतं, पण पाऊस कुठं पडला ते मात्र तिला रोज कळलं पाहिजे.

तुला पटत नसेल तर एक करून बघ. संक्रांतीला तुम्ही गड्ड्याच्या जत्रेला जाणार आहात ना, तिथं होम मैदानावर पाळण्याच्या लाइनीत उभी असशील तेव्हा मामाकडून शिकलेलं ते गाणं जरा मोठ्यानं अर्धंच म्हण आणि थांब. पुढची ओळ कुणीतरी म्हणेल, पन्नाशीच्या पुढचं कुणीपण चालेल. मग त्यांना विचार घरी कुठली भाषा बोलता, आणि मला कळव. मी पैज लावते, मराठीच निघेल असं नाही. आणि रेडिओ चालू राहू दे.

आई